सायकलवर काय घालायचं, काय नाही: कोकणातल्या सायकलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या रविवारच्या राईडला दर महिन्याला दोन-तीन नवीन लोकं येतात आणि सगळे फिरून फिरून तेच विचारतात. त्यातले निम्मे प्रश्न सगळ्यांसमोर विचारायला लाज वाटते म्हणून चहाच्या टपरीमागे बाजूला घेऊन हळूच विचारतात, म्हटलं एकदाच लिहून ठेवू. आम्ही कोणी रेसर नाही हे आधीच सांगतो. सकाळी साडेपाचला रत्नागिरीतून निघायचं, आरे-वारेचे चढ-उतार करत गणपतीपुळे नाहीतर भाट्याचा पूल ओलांडून पावस, गावखडी, आणि ऊन चढायच्या आत घरी. जोडून सुट्टी आली तर खाली देवगड, मालवण. बस्स. त्यामुळे खालचे नियम म्हणजे कायदा नाही, आमची समजूत आहे, पटलं तर घ्या.

पहिल्या राईडला ते टाईट कपडे घालूनच यायला लागतं का?

अजिबात नाही. हाफ पँट, टी-शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, झालं काम. आमच्याकडे पहिले दोन-तीन महिने नवीन माणसाला कपड्यावरून कोणी काही बोलायचं नाही असं ठरलेलंच आहे. आणि कोणाला स्वतःच्या महागड्या किटचा माज आला असेल तर त्याने एकदा भाट्याच्या पुलावर सकाळी उभं राहावं, लुंगी वर खोचून साध्या काळ्या सायकलला दोन डबे लावलेले काका समोरच्या वाऱ्यात कसे जातात ते बघावं. आमच्यातल्या एकाला त्यांनी एकदा घंटी वाजवून साईड मागितली होती, तो अजून त्यातून सावरलेला नाही.

फक्त दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगतो, कारण तिथे सभ्यतेचा नाही, दात पडण्याचा प्रश्न आहे. ट्रॅकपँटचा उजवा पाय चेनमध्ये अडकतो, चेन उजव्या बाजूला असते म्हणून उजवाच, तर तो मोज्यात खोचा नाहीतर रबर लावा. आणि काहीही लोंबतं नको, ओढणी, कमरेला बांधलेला जॅकेट, बुटाची लांब लेस, सगळं आत.

मग लोकं पॅडवाली शॉर्ट का घालतात?

कारण दोन तास सीटवर बसल्यावर साध्या पँटची शिवण कुठे कुठे टोचते ते लिहिता येत नाही. त्यात आपली हवा. पुण्यात घाम वाळतो, इथे नाही वाळत, तो तसाच कपड्यात राहतो आणि ओल्या कपड्यावर ओली कातडी घासली की सोमवारी ऑफिसात खुर्चीच्या टोकावर बसायची वेळ येते. टाईट असण्यामागे कारण एवढंच की कापड कातडीबरोबर हललं पाहिजे, कातडीवर नाही. फॅशन नंतर आली. हजार-दीड हजारात बरी पॅडेड शॉर्ट मिळते, सुरुवातीला तेवढी पुरे. खांद्यावरून पट्टे येणारी असते तिला बिब्स म्हणतात, तिचा फायदा म्हणजे पोटाला इलॅस्टिक काचत नाही आणि वाकल्यावर मागून कंबर उघडी पडत नाही. मागच्या माणसाच्या दृष्टीने हा फायदा मोठा आहे.

जर्सी काळी-पांढरी-फुलाफुलांची कुठलीही चालते पण शॉर्ट काळीच घ्या असं माझं मत आहे, चेनचं ग्रीस आणि बाकीचं सगळं लपतं.

आत चड्डी घालायची का? (हा तो टपरीमागचा प्रश्न)

नाही. पॅड हीच चड्डी. आत अजून एक घातलीत की तिची शिवण पॅड आणि तुमच्या मध्ये येते, म्हणजे ज्या गोष्टीसाठी पैसे खर्च केले तीच वाया. पूर्वी लोकरीच्या शॉर्ट असायच्या आणि आत पॅडच्या जागी शॅमॉय नावाच्या डोंगरी शेळीसारख्या प्राण्याचं मऊ चामडं शिवलेलं असायचं, ते धुतलं की वाळून पापडासारखं कडक व्हायचं म्हणून मग त्याला क्रीम लावून मऊ करायचे. लायक्राचा ताणला जाणारा धागा आला १९५८ मध्ये, नंतर चामडं जाऊन फोम आला, पण क्रीमचं नाव मात्र शॅमॉय क्रीमच राहिलं. आता ते घासू नये म्हणून लावतात. खोबरेल तेल लावणारे पण आहेत आमच्यात, कोकणातच आहोत म्हटल्यावर असणारच, पण तेलाने धुण्याची वाट लागते आणि पॅडला खवट वास येतो तो जात नाही.

माझी शॉर्ट मागून पारदर्शक झालीय का, मला कसं कळणार?

तुम्हाला नाही कळणार. मुद्दा तोच आहे.

माझीच गोष्ट सांगतो. एका वर्षी गणपतीपासून शिमग्यापर्यंत मी एकच बिब्स घालून फिरलो, बसायला एकदम आरामाची होती. त्या सगळ्या महिन्यांत मला असं जाणवायला लागलं की माझ्या मागे कोणी टिकतच नाही. लाईनमध्ये मी पुढे आलो की मागचे हळूहळू अंतर सोडायचे नाहीतर कोणीतरी जोर करून माझ्या पुढे जायचा. मी आपला खूश. घरी पण सांगितलं की स्पीड वाढलाय. मार्चमध्ये एका ज्येष्ठ काकांनी पावसला टपरीवर बाजूला घेतलं आणि म्हणाले, बाबू, नवीन घे आता, मागे बसवत नाही. सहा महिने बारा माणसांना माहीत होतं आणि एकानेही सांगितलं नव्हतं!

तर तपासायची पद्धत. शॉर्टच्या आत हात घाला, सीटवर टेकतो तो भाग ताणा आणि खिडकीच्या उजेडाकडे धरा. आतली बोटं मोजता आली तर ती गेली. आरशासमोर उभं राहून बघण्यात अर्थ नाही, उभं असताना कापड ताणलेलं नसतं, वाकल्यावर खरं दिसतं. सीटवर घासून, घाम, ऊन आणि गरम पाण्याच्या धुण्याने लायक्राचे धागे मरतात, बाहेरून काळा रंग शाबूत दिसतो पण ताण पडला की जाळी होते. गेलेली शॉर्ट घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, वापरा, फेकायलाच पाहिजे असं नाही, पण रस्त्यावर नको.

आणि दुसऱ्याची झाली असेल तर सांगायचं कसं?

लवकर सांगायचं, एकट्याला गाठून सांगायचं, आणि राईड संपल्यावर सांगायचं कारण मध्येच सांगितलं तर बिचारा उरलेले ३० किलोमीटर सीटवरून उठायचा नाही. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला. "शॉर्ट बदलायची वेळ आली वाटतं" एवढं एक वाक्य पुरतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, हसणारा स्टिकर टाकून तर मुळीच नाही. आणि ज्याला सांगितलं त्याने रागवायचं नाही, थँक्यू म्हणायचं आणि चहाचे पैसे द्यायचे.

गावात चहाला थांबल्यावर लोकं बघतात, विचित्र वाटतं. काय करायचं?

बघणारच हो. सकाळी सात वाजता कोणी अंगाला चिकटलेल्या चड्डीत डोक्यावर टोपलं घालून दारात उभं राहिलं तर तुम्ही नाही बघणार? आचऱ्याच्या बाजूला आम्ही पाणी मागायला एका घरी गेलो तर आजी बाहेर आल्या, आम्हा चौघांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मेल्यांनो, पँटी खय ठेवलात?" मग पाणी दिलं, वर कोकम सरबत दिलं, आणि निघताना बजावलं की पुढच्या वेळी नीट कपडे घालून या, जेवायला घालते. आम्ही पुढच्या वेळी गेलो. बर्मुडा घालून. जेवलो.

माझं म्हणणं असं आहे की सायकलवर असेपर्यंत ते कपडे म्हणजे अवजार आहे, कोळ्याचं जाळं असतं तसं. सायकलवरून उतरून दुसऱ्याच्या दारात गेलात की ते तुमचे कपडे झाले, आणि मग त्या घराची पद्धत चालते. टपरीवर दहा मिनिटं बाहेर बाकड्यावर बसायचं असेल तर काही बदलायची गरज नाही. पण खाणावळीत आत टेबलावर बसून घावणे खायचे, कोणाच्या घरी जायचं, बँकेत, शाळेत काम आहे, तर एक पातळ बर्मुडा जर्सीच्या मागच्या खिशात घडी करून मावते, ती वरून चढवायची. पंचा असेल तर अजून बरं, घाम पण पुसता येतो, आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या आधी अंथरता पण येतो, तुम्ही उठल्यावर त्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसणार आहे ना.

जर्सीची चेन चढावर पूर्ण उघडी ठेवलीत तर कोणाला काही नाही. बाजारपेठ आली की वर ओढा. बिब्सचे पट्टे, मध्ये उघडी छाती आणि दोन्ही बाजूला फडफडणारी जर्सी, हे मच्छी मार्केटमधून जाताना काय दिसतं ते मी बघितलंय.

क्लीटवाल्या बुटांचं काय?

ह्याच्यावर कोणी लिहीत नाही पण आपल्याकडे सगळ्यात जास्त भांडणं ह्यावरून होऊ शकतात. पेडलमध्ये अडकवायचं बुटाखालचं ते प्लास्टिकचं खूर घेऊन सारवलेल्या खळ्यात पाय ठेवायचा नाही. नाहीच. त्या बाईने सकाळी उठून शेणाने सारवलेलं असतं आणि तुम्ही टकाटक टकाटक करत त्यावर खड्डे पाडत जाता. पायरीशी बूट काढा, मोज्यावर जा. पॉलिश केलेल्या लादीवर पण तेच, तिथे तर तुम्हीच पडाल. आणि पाखाडीवर क्लीट घालून उतरायचं धाडस करूच नका, जांभ्याच्या पायऱ्या, वर पावसाळ्यातलं शेवाळ. क्लीट झिजतात ते वेगळंच.

देवळात जाता येतं का त्याच कपड्यात?

बाहेरून नमस्कार करायला कोणाची ना नाही. आत जायचं तर गुडघे झाकलेले पाहिजेत असं समजून चाला, पाटी असो नसो. बऱ्याच देवळांत आता कपड्यांबद्दल पाटी लावलेली असते आणि पाटी नसली तरी गुरव किंवा पुजारी काही बोलले तर वाद घालायचा नाही. "देव काय कपडे बघतो का" ही चर्चा घरी करा, सकाळी सात वाजता घामेजलेल्या अवस्थेत गाभाऱ्यासमोर नको. आमच्या ग्रुपमध्ये दोघांकडे पातळ लुंगी असतेच, गणपतीपुळ्याला पाळीपाळीने सगळे तीच गुंडाळून दर्शन घेऊन येतात, बाकीचे बाहेर सायकली सांभाळतात. हेल्मेट आणि टोपी बाहेरच. लुंगी कोणी धुवायची ह्यावर अजून एकमत नाही.

फेरीबोटीत आणि एसटीत?

फेरीबोट म्हणजे दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला वगैरे. तिथे सगळे गाडीला टेकून उभे असतात, दहा-पंधरा मिनिटांचा मामला, तसेच उभे राहा. एसटीत बसायची वेळ आली, पंक्चर किंवा पाय गेले म्हणून, तर वरून काहीतरी घाला आणि शक्यतो उभे राहा. शेजारच्या सीटवरच्या माणसाने तुमच्या घामाचं तिकीट काढलेलं नसतं.

मुलींनी/बायकांनी काय घालावं?

ज्यात सायकल नीट चालवता येते ते. आमच्यात एक ताई लेगिंग्जवर लांब कुर्ता घालून यायच्या, एक पूर्ण किटमध्ये येते, एकीने बिब्सवर सैल शॉर्ट घालायची पद्धत काढली ती आता दोघा पुरुषांनी पण उचललीय. हा प्रश्न मला पुरुषच जास्त विचारतात ही गंमत आहे. त्यांना उत्तर असं की तुम्हाला त्यात काही ठरवायचं नाहीये. "गावातून जाणार आहोत, जरा नीट घाल" हे पुरुषाने बाईला सांगायचं नाही. गावातल्या कोणी शेरा मारला तर सगळ्या ग्रुपने थांबायचं का पुढे जायचं ते तिने ठरवायचं, आपण हिरो व्हायला जायचं नाही, पण तिला एकटीला मागे पण सोडायचं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. पट्टेवाल्या बिब्स बायकांसाठी आपल्या रस्त्यांवर डोकेदुखी आहेत कारण मोकळं व्हायचं तर जर्सीसकट सगळं काढायला लागतं आणि किनाऱ्याच्या रस्त्याला धड स्वच्छतागृह मैलोन् मैल नाही. मागून हुक सुटणाऱ्या किंवा मागचा भाग खाली ओढता येणाऱ्या बिब्स मिळतात, पण महाग. बऱ्याच जणी म्हणून कमरेच्या इलॅस्टिकची शॉर्टच घेतात, शहाण्या आहेत.

आणि फोटो. मागून काढलेला कोणाचाही फोटो, बाई असो पुरुष असो, न विचारता टाकायचा नाही. आरे-वारेच्या वळणावर समुद्र मागे घेऊन समोरून काढा की, एवढा मोठा समुद्र कशाला आहे.

मोठ्या युरोपियन टीमची जर्सी घातली तर लोकं हसतात का?

थोडे खडूस हसतात, सोडून द्या. क्रिकेटची निळी जर्सी घालून गल्लीत खेळतोच ना आपण, कोणी म्हणतं का की आधी भारताकडून खेळून दाखव. माझी मर्यादा वेगळी आहे. जी जर्सी कमवायला लागते ती न कमवता घालू नये.

टूर द फ्रान्समधली पिवळी जर्सी १९१९ पासून आहे, शर्यत भरवणाऱ्या लोतो ह्या पेपरचा कागद पिवळा होता. इटलीतल्या जिरोची गुलाबी १९३१ पासून, तिथेही तेच कारण, गाझेट्टा पेपरचा कागद गुलाबी. टूरमधल्या घाटाच्या राजाची, म्हणजे चढांवर सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याची, लाल ठिपक्यांची जर्सी त्यामानाने अलीकडची, १९७५ ची, आणि ती मागवून घालणारा एकजण आमच्याकडे आहे जो आरे-वारेच्या पहिल्या चढाला उतरून चालतो. त्याला सगळे प्रेमाने राजे म्हणतात. पिवळी पण बाजारात दुकानात मिळते, लहान मुलाने घातली तर गोड दिसते. पण जगज्जेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची, निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा, ती मात्र मला कोणाच्या अंगावर बघवत नाही. ज्याने जिंकली तो सुद्धा वर्षभरच, आणि फक्त ज्या प्रकारात जिंकली त्याच प्रकारच्या शर्यतीत घालू शकतो. नंतर आयुष्यभर कॉलरला आणि बाहीला छोट्या पट्ट्या. एवढा कडक मान आहे त्या पाच रंगांना आणि आपण सेलमध्ये मिळाली म्हणून घालायची?

इथली उदाहरणं जास्त महत्त्वाची. ब्रेवेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राईडमध्ये, एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर चारही वेळेत केले की माणूस सुपर रॅन्डोनिअर होतो, त्याची जर्सी मित्राची मागून घालू नका. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची तर विसराच, १२०० किलोमीटर आहेत ते, ९० तासांत, आणि चार वर्षांतून एकदा. कोणी ती घातलेली दिसली की लोकं जवळ येऊन "२०२३ ला गेला होतात का" विचारणार, मग तुम्ही काय सांगणार, मावसभावाची आहे? ज्या राईडची जर्सी नाव नोंदवतानाच देतात तिचा काय मान राखायचा मला कळत नाही, पण निदान ती राईड पूर्ण होईपर्यंत घडीतच राहू दे.

ग्रुपची जर्सी घालणं सक्तीचं आहे का? आणि ती पुढाऱ्याच्या फोटोची?

सक्ती नाही. दुसऱ्या शहरातल्या ग्रुपची घालून आलात तर उलट बरं, बोलायला विषय मिळतो. घातलीत तर मात्र एक लक्षात ठेवा, तिच्यावर आपल्या गावाचं नाव आहे, सिग्नल तोडलात किंवा बिस्किटाचा कागद फेकलात तर गावाच्या नावाने फेकलात.

पुढाऱ्याच्या फोटोचं म्हणाल तर हो, असे टी-शर्ट आमच्याकडे पण आले, फुकट होते, छातीवर सायकल आणि पाठीवर हात जोडलेले साहेब. मी घेतला. गाडी पुसायला उत्तम कापड आहे. दोन तास मागून कोणाच्या तरी हसऱ्या चेहऱ्याकडे बघत चढ चढायची माझी तयारी नाही, पक्ष कुठलाही असो.

पांढरी जर्सी, पांढरी शॉर्ट?

पांढरी जर्सी एकदा घ्या, एकदा जांभ्याच्या धुळीतून जा, मग ती गुलाबी होते आणि कायमची इटालियन वाटते. पांढरी शॉर्ट नको. घाम आला किंवा सर आली की काय होतं ते वरच्या प्रश्नात लिहिलंय तेच, फक्त नवीन असतानाच होतं.

पावसात काय?

आमच्याकडे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत पाऊस, आणि वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर. तेव्हा कोरडं राहायची आशा सोडा. जाड रेनकोटमध्ये बाहेरून भिजणार नाही पण आतून घामाने भिजाल, त्यापेक्षा पातळ जॅकेट बरा. स्कूटरवाला पोंचो नको, वाऱ्यात त्याचं शीड होतं, आणि पुलावर आडवा वारा आला तर तुम्ही खाडीत.

पावसातला खरा शिष्टाचार कपड्याचा नसून मडगार्डचा आहे. मागचं चाक लाल पाण्याची पिचकारी थेट मागच्याच्या तोंडात मारतं. मडगार्ड नसेल तर लाईनमध्ये शेवटी राहायचं, हा नियम आम्ही कडक पाळतो. सीटखाली खोचायची प्लास्टिकची पट्टी मिळते ती फक्त तुमची पाठ वाचवते, मागच्याला तिचा उपयोग नाही, उगीच ती दाखवून पुढे यायचं नाही.

रंग भडक पाहिजे. पावसाळी सकाळी झाडांच्या बोगद्यातून जाणाऱ्या रस्त्यावर काळ्या कपड्यातला माणूस ट्रकवाल्याला दिसतच नाही. फक्त एक गैरसमज काढून टाका, फ्लोरोसंट पिवळा रात्री चमकत नाही. तो दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांवर चमकतो, संध्याकाळी ढगाळ उजेडात पण भारी दिसतो, पण अंधार पडला की तो नुसता एक रंग. रात्री लागते ती रिफ्लेक्टरची राखाडी पट्टी, जी हेडलाईटचा उजेड परत त्याच दिशेला फेकते. ती पायाच्या घोट्याला असेल तर सगळ्यात चांगलं कारण वर-खाली हलते आणि ड्रायव्हरला लांबूनच कळतं की सायकलवाला आहे. ब्रेवेला हेल्मेट, पुढचे-मागचे लाईट आणि रिफ्लेक्टरचं जॅकेट लागतंच.

हेल्मेट कायद्याने लागतं का?

सायकलला कायद्याने नाही, आमच्या ग्रुपला लागतं. नाही आणलं तर चहा पिऊन घरी जा, राग मानू नका. प्रोफेशनल लोकं सुद्धा २००३ पर्यंत उघड्या डोक्याने रेस करायची, त्या वर्षी पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह पडून डोक्याला मार लागून गेला आणि मग यूसीआयने, म्हणजे सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने, सक्ती केली. एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही, आतला थर्मोकोल एकदाच दबतो. आणि नवीन माणसाला विकायचं तर त्याहून नाही.

मोजे किती उंच, गॉगल हेल्मेटच्या पट्ट्याच्या वर की खाली, टोपी हेल्मेटखाली चालते का?

इंटरनेटवरच्या लोकांना दुसरे उद्योग नाहीत. मोज्याच्या उंचीचा खरा नियम फक्त रेसला आहे, यूसीआयने २०१९ पासून घोटा आणि गुडघ्याखालचं हाड ह्यांच्या निम्म्याच्या वर मोजे नकोत असं ठरवलं, कारण उंच मोज्याने वाऱ्याचा अडथळा कमी होतो. आपल्याला काय फरक पडतो? गॉगल पट्ट्याच्या वरून घातला तर पडल्यावर सहज निघतो. टोपी चालते, पाऊस डोळ्यात येत नाही.

पाय शेव्ह करायला लागतात?

नाही. रेसवाले करतात कारण रोज मालीश असते आणि पडल्यावर जखम साफ करायला सोपं जातं. आमच्यातल्या एकाने केले तर त्याच्या आईने लग्नाच्या बोलणीत काय सांगायचं म्हणून दोन दिवस अबोला धरला होता.

किट किती वेळा धुवायचं?

प्रत्येक वेळी. प्रत्येक. ह्यावर चर्चा नाही. कालची बिब्स आज परत घातलेला माणूस लाईनमध्ये पुढे असला की मागच्यांना समुद्राचा वास येत नाही. घरी आल्या आल्या उलटी करून गार पाण्यात, साध्या साबणात, सॉफ्टनर नको, ड्रायर नको, ब्लीच तर लायक्राचा शत्रू. सावलीत वाळवा. पावसाळ्यात तीन दिवस वाळत नाही म्हणून दोन जोड लागतातच, ओलसर घातली तर नायटा ठरलेला. चुलीवरच्या दांडीवर वाळवली तर लवकर वाळते पण मग दुपारच्या जवळ्याचा वास घेऊन पहाटे निघायचं, मी केलंय.

अंगणातल्या दोरीवर पॅडची बाजू बाहेर करून वाळत घालायच्या आधी घरी एकदा समजावून सांगा. आमच्या शेजारच्या काकूंनी आईला "कोणाची तब्येत बरी नाही का" असं काळजीने विचारलं होतं.

मासळीच्या गाडीचं पाणी अंगावर उडालं तर?

हर्णे असो नाहीतर मिरकरवाडा, बंदराकडून येणारा टेम्पो बर्फाचं पाणी गळत जातो आणि कधीतरी ते उडणारच. लगेच बाटलीतलं पाणी मारा, वाळू देऊ नका. घरी आल्यावर जर्सी लिंबाच्या पाण्यात अर्धा तास, मग साबण. आणि त्या दिवशी टपरीवर वारा कुठून येतोय ते बघून, सगळ्यांच्या पलीकडे जाऊन बसायचं. चहा कोणीतरी आणून देतं.